डोके-मान कर्करोग: जनुकीय खुणांवरून आयुर्मानाचा अंदाज कितपत धरायचा?

सूक्ष्मदर्शी

तोंड, घसा आणि स्वरयंत्र इथल्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात हल्ली बायोप्सीच्या मागोमाग जनुकांच्या पॅनेलचा जाडजूड अहवालही येतो. टीपी५३, सीडीकेएन२ए, पीआयके३सीए, नॉच१ अशी नावं, त्यापुढे टक्केवारी आणि शेवटी 'प्रोग्नोसिस'चा रकाना. तो रकाना कसा वाचायचा, यासाठी हा धागा. उपचार सुचवणं हा इथला हेतू नाही, ते रुग्णाच्या डॉक्टरांचं काम.

सर्वांत भक्कम खुणेपासून सुरुवात करतो. ऑरोफॅरिंक्समध्ये, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या भागात, गाठ एचपीव्हीमुळे (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) झाली आहे की नाही यावर सगळा हिशोब बदलतो. आरटीओजी ०१२९ या उपचार-चाचणीतल्या (क्लिनिकल ट्रायल) रुग्णांचं विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी हयात असलेले रुग्ण एचपीव्ही-पॉझिटिव्ह गटात ८२.४ टक्के होते, निगेटिव्ह गटात ५७.१ टक्के. पण त्याच लेखातला पुढचा भाग लोक वाचत नाहीत. एचपीव्ही, धूम्रपान, मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी आणि मूळ गाठीचा आकार हे सगळं एकत्र धरून तीन जोखीमगट पाडले होते. त्यांत तीन वर्षांची हयात अनुक्रमे ९३, ७०.८ आणि ४६.२ टक्के निघाली. धूम्रपानाचा उंबरठा १० पॅक-वर्षांचा होता (रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पॅक-वर्ष). त्याहून जास्त धूम्रपान आणि मानेत एन२बी (एकाच बाजूला एकाहून जास्त गाठी) किंवा पुढची अवस्था असेल, तर एचपीव्ही-पॉझिटिव्ह रुग्णही मध्यम जोखमीत जातो. नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून थांबू नये ते यासाठी.

स्टेज ठरवणाऱ्या एजेसीसी नियमावलीच्या आठव्या आवृत्तीने, जी २०१८ पासून लागू झाली, पी१६ (एचपीव्हीची अप्रत्यक्ष खूण मानलं जाणारं प्रथिन) पॉझिटिव्ह ऑरोफॅरिंक्ससाठी वेगळं कोष्टकच दिलं. मूळ गाठ ३ सेंमी, त्याच बाजूला मानेत ३ सेंमीच्या दोन गाठी, त्या गाठींच्या कवचाबाहेर प्रसार नाही, असा रुग्ण घ्या. पी१६ पॉझिटिव्ह असेल तर तो पहिल्या स्टेजमध्ये, निगेटिव्ह असेल तर ४-ए मध्ये. या कर्करोगात दुसऱ्या कुठल्याही खुणेला हे वजन मिळालेलं नाही. बाकीच्या खुणा स्टेज, मार्जिन (कापलेल्या भागाच्या कडा) आणि कवचाबाहेरचा प्रसार यांच्या जोडीनेच वाचाव्यात, असं माझं मत.

ऊतिवेध

सहमत. पण पी१६ आणि एचपीव्ही या एकच गोष्टी नाहीत, हे इथे ठळक लिहायला हवं.

पी१६ हे पेशीतलं स्वतःचं प्रथिन. एचपीव्हीचं ई७ प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं आणि त्याच्या परिणामी पी१६ वाढतं. म्हणजे आयएचसीने (प्रथिनाला रंग देऊन पाहण्याची चाचणी) आपण विषाणू पाहत नाही, त्याचा परिणाम पाहतो. पॉझिटिव्ह म्हणायला किमान ७० टक्के गाठपेशींत केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत मध्यम ते गडद रंग हवा. फक्त पेशीद्रवात रंग आला किंवा ठिपक्याठिपक्यांत आला तर तो पॉझिटिव्ह नव्हे. अहवालात टक्केवारी न देता 'फोकल पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल तर स्लाइड पुन्हा बघायला सांगावी. ७० टक्क्यांच्या नियमात ते निगेटिव्हच असण्याची शक्यता मोठी.

दोन्ही चाचण्या जुळत नाहीत तेव्हा काय होतं, याचं उत्तर २०२३ साली साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून मिळालं. सुमारे ९ टक्के रुग्णांत निकाल परस्परविरोधी होते. पाच वर्षांची हयात दोन्ही पॉझिटिव्ह असताना ८१.१ टक्के, दोन्ही निगेटिव्ह असताना ४०.४ टक्के. पी१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह असताना ५४.७ टक्के, आणि उलट असताना ५३.२ टक्के. नुसतं पी१६ बघून पहिल्या गटात टाकलेल्या रुग्णांत काही जण प्रत्यक्षात ५५ टक्क्यांच्या गटातले असतात. जिथे एचपीव्हीचं प्रमाण मुळात कमी आणि तंबाखूचं जास्त, तिथे ही गल्लत वाढते.

म्हणून पी१६ पॉझिटिव्ह आल्यावर एचपीव्हीची थेट चाचणी करून घेणं योग्य. ई६/ई७ या विषाणूजनुकांच्या एमआरएनएचं इन-सिटू हायब्रिडायझेशन (ऊतीच्या कापावरच तो शोधणं) त्यातल्या त्यात विश्वासार्ह, कारण विषाणू नुसता आहे की गाठ चालवतो आहे हे त्यातून दिसतं. साध्या डीएनए पीसीआरमध्ये आगंतुक विषाणूही सापडतो.

वाचक_७

जिभेच्या पुढच्या भागाच्या किंवा गालाच्या आतल्या गाठीत पी१६ पॉझिटिव्ह आलं, तर तोच चांगला अंदाज लावायचा का?

सूक्ष्मदर्शी

नाही. तोंडाच्या पोकळीतल्या गाठींत पी१६ची नियमित चाचणीच सुचवलेली नाही आणि त्यावरून स्टेज बदलत नाही. तिथे गाठ किती खोल गेली आहे (५ आणि १० मिमीचे टप्पे), मार्जिन, नसांभोवतीचा प्रसार आणि मानेतल्या गाठीच्या कवचाबाहेर आजार गेला आहे का, हे चार मुद्दे कुठल्याही जनुकाआधी वाचायचे.

मूळ जागा सापडत नाही आणि मानेत फक्त गाठ आहे, अशा वेळी मात्र पी१६ कामाचं. तेही वरच्या आणि मधल्या पातळीच्या (२ आणि ३) गाठींत. तिथे ते जागेचा सुगावा देतं.

किरणवेध

आता टीपी५३. प्रत्येक पॅनेलमध्ये हे नाव असतंच आणि पाहून लोक हादरतात. टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय नोंदींच्या प्रकल्पाच्या २०१५च्या अभ्यासात २७९ गाठी होत्या, त्यांतल्या एचपीव्ही-निगेटिव्ह गाठींपैकी ८४ टक्क्यांत टीपी५३ बिघडलेलं होतं. जी गोष्ट पाचांतल्या चौघांत आहे ती नुसती 'आहे' म्हटल्याने रुग्णांत फरक करता येत नाही. बिघाड कुठल्या प्रकारचा, हे विचारावं लागतं.

२००७ साली ४२० रुग्णांच्या अभ्यासात टीपी५३चे बिघाड दोन प्रकारांत विभागले गेले. स्टॉप कोडॉन आणणारे (प्रथिन मध्येच तोडणारे) कुठलेही बिघाड, किंवा एल२-एल३ भागात (कोडॉन १६३ ते १९५ आणि २३६ ते २५१) अमिनो आम्लाचा भार किंवा ध्रुवीयता बदलणारे बिघाड, यांना विध्वंसक म्हटलं. या गटात मृत्यूचा हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या जोखमीचं गुणोत्तर) १.७ आला. वर्गवारी सोपी आहे, पण तिला मर्यादा आहेत. आर१७५एच हा सर्वांना माहीत असलेला घातक बिघाड आहे. त्यात आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन येतं, दोन्ही धनभारी, त्यामुळे या नियमाने तो 'विध्वंसक नाही' या रकान्यात पडतो. पुढे ईएपी५३ हा शून्य ते शंभर गुणांचा निर्देशांक आला, तो उत्क्रांतीत ती जागा किती जपली गेली आहे यावर गुण देतो. अहवालात 'टीपी५३ पॉझिटिव्ह' एवढंच असेल तर नेमका बदल (पी-डॉट नोंद, जसं पी.आर१७५एच) मागून घ्यावा. त्याशिवाय यातली कुठलीच वर्गवारी लावता येत नाही.

टीपी५३ बिघाडासोबत ३पी या गुणसूत्रखंडाची हानी असेल तर अंदाज आणखी वाईट, हे २०१४ साली दाखवलं गेलं. ११क्यू१३ या गुणसूत्रखंडावरचं सीसीएनडी१ जनुक वाढलेलं असणं हेही वाईट बाजूचं. स्वरयंत्रातल्या एचपीव्ही-निगेटिव्ह गाठींत एनएसडी१चा बिघाड मात्र चांगल्या हयातीशी जोडलेला आढळतो. तीच खूण तोंडाच्या पोकळीत तशीच लावू नये. गाठ कुठली, याशिवाय जनुकाचं नाव अपुरं आहे.

टक्केवारीबद्दलही एक. 'व्हीएएफ (तपासलेल्या डीएनए प्रतींत बिघडलेल्यांचा वाटा) ३० टक्के' म्हणजे ३० टक्के पेशींत बिघाड, असं नाही. नमुन्यात गाठपेशी ३० टक्के असतील आणि दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असेल तर व्हीएएफ १५ टक्के येते. चांगली प्रत गळून गेली असेल तर सुमारे १८ टक्के. आणि चांगल्या प्रतीच्या जागी बिघडलेलीच दुसरी प्रत आली असेल तर ३० टक्के. नमुन्यातल्या गाठपेशींचं प्रमाण अहवालात नसेल तर या आकड्यावरून आजाराची तीव्रता काढायला जाऊ नये.

गुणोत्तर

हॅझार्ड रेशोचा उल्लेख झालाच आहे, तर तो आकडा घरी कसा वाचायचा ते सांगतो.

१.७ म्हणजे 'मृत्यूची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त' असं सरसकट सांगतात, ते चूक. चांगल्या गटाची पाच वर्षांची हयात दशांशात घ्या आणि तिचा १.७वा घात काढा. चांगल्या गटात ६० टक्के असेल तर दुसऱ्या गटात सुमारे ४२ टक्के. चांगल्या गटात ९० टक्के असेल तर दुसऱ्या गटात सुमारे ८४ टक्के. रेशो एकच, पण एका ठिकाणी फरक १८ टक्क्यांचा आणि दुसऱ्या ठिकाणी ६ टक्क्यांचा. मूळ जोखीम माहीत नसेल तर नुसत्या रेशोवरून काही कळत नाही.

आता 'पाच जनुकांची स्वाक्षरी', 'नऊ एलएनसीआरएनएंचं प्रतिमान' अशा, काही जनुकांच्या किंवा आरएनएंच्या पातळीवरून हयात सांगणाऱ्या लेखांकडे वळू. यांचं पीक अमाप आहे आणि बहुतेकांची कृती एकच. टीसीजीएचा विदा उतरवायचा, हजारो जनुकांवर एकेकटं कॉक्स (हयातीशी नातं मोजणारं) विश्लेषण चालवायचं, पी ०.०५ च्या खाली आलेली जनुकं लॅसो या सांख्यिकी चाळणीत घालायची, उरलेल्यांचा गुणांक काढायचा, मध्यकावर रुग्णांचे दोन गट पाडायचे आणि दुभंगलेला कॅप्लान-मायर हयात-आलेख छापायचा. आलेख सुंदर दिसतो. तो तसा दिसणारच होता, कारण ज्या रुग्णांवर जनुकं निवडली त्यांच्यावरच तपासली.

यात नेमकं काय बिघडतं ते सांगतो. टीसीजीएच्या त्या २७९ गाठींत ३६ एचपीव्ही-पॉझिटिव्ह होत्या. दोन्ही प्रकार एकत्र ठेवले की सीडीकेएन२ए 'रक्षक जनुक' म्हणून हमखास वर येतं. पी१६ प्रथिन त्याच जनुकाचं, म्हणजे प्रतिमानाने एचपीव्हीच पुन्हा शोधून काढला. लिम्फोसाइटशी संबंधित जनुकांचंही बऱ्याचदा तसंच, कारण एचपीव्हीच्या गाठींत रोगप्रतिकार पेशी जास्त असतात. एचपीव्ही-निगेटिव्ह गाठी वेगळ्या काढून प्रतिमान चालवा आणि काय उरतं ते पाहा.

दुसरं, मध्यकावर पाडलेली फूट. उद्या एकटा रुग्ण समोर आला तर त्याचा मध्यक कुठून आणायचा? दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या यंत्रावर तेच जनुक वेगळ्या पातळीवर मोजलं जातं. पक्का उंबरठा आणि मोजण्याची पक्की पद्धत दिलेली नसेल तर ती स्वाक्षरी एका रुग्णाला लावताच येत नाही. सर्वांत कमी पी देणारा उंबरठा शोधून वापरला असेल, तर तो लेख तिथेच बाजूला ठेवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०११ साली स्तनाच्या कर्करोगावर एक विश्लेषण झालं. त्यात हयातीशी संबंध नसलेली, अगदी यादृच्छिक उचललेली जनुकांची जुडगीसुद्धा बहुसंख्य वेळा हयातीशी 'लक्षणीय' जोडलेली निघाली, कारण पेशी किती वेगाने विभागतात याची छाया शेकडो जनुकांवर पडते. म्हणजे पी लहान येणं हा पुरावाच नव्हे. विचारायचं ते असं: वय, स्टेज, एचपीव्ही, धूम्रपान हे सगळं घातल्यावर या जनुकांनी सी-इंडेक्स (रुग्णांच्या जोखमीचा क्रम किती बरोबर लागतो याचं माप) किती वाढवला? ०.६८चा ०.६९ झाला असेल तर रुग्णासाठी काहीच बदललं नाही. बाहेरच्या रुग्णगटावर तपासणी झाली का, आणि त्यात निदान १०० घटना (मृत्यू) होत्या का? अंदाज आणि प्रत्यक्ष हयात यांचा मेळ, म्हणजे कॅलिब्रेशन, दाखवला का? बहुतेक लेखांत तो आलेखच नसतो.

आणि मृत्यू कशाने झाला? या रुग्णांत दुसरा नवा कर्करोग, हृदयविकार, फुफ्फुसाचे आजार यांनीही बरेच मृत्यू होतात. एकूण हयातीवर बेतलेली खूण कधीकधी फक्त वय आणि तंबाखू मोजत असते.

वाचक_७

+१, वाचनखूण साठवली. हायपॉक्सिया स्वाक्षरी याच माळेतली का?

किरणवेध

तिला मी वेगळं धरतो, कारण तिची मांडणी प्रामाणिक आहे. ऑक्सिजन कमी असलेली गाठ रेडिएशनला दाद देत नाही, ही गोष्ट जीवशास्त्रात आधीपासून पक्की. त्यावरून डेन्मार्कमध्ये १५ जनुकांची स्वाक्षरी तयार झाली. डहांका ५ या जुन्या चाचणीच्या नमुन्यांत असं दिसलं की निमोराझोलचा (रेडिएशनचा परिणाम वाढवण्यासाठी दिलेलं औषध) फायदा फक्त हायपॉक्सिक, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या गाठींना झाला. एवढ्यावर न थांबता पुढे निम्रॅड आणि ईओआरटीसी १२१९ अशा नव्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत निमोराझोलचा फायदा दिसला नाही. जुन्या नमुन्यांवर उत्तम चाललेली खूण नव्या चाचणीत उभी राहिली नाही, हे इथे मोकळेपणाने मान्य झालं. बाकीच्या स्वाक्षऱ्या या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत.

रक्तबिंदू

गाठीचा तुकडा एकदाच मिळतो, रक्त पुन्हापुन्हा घेता येतं. म्हणून रक्तातल्या डीएनएबद्दल.

एचपीव्हीच्या गाठी विषाणूचे डीएनए तुकडे रक्तात सोडतात आणि डिजिटल पीसीआरने ते मोजता येतात. २०१९च्या एका अभ्यासात उपचाराआधी मिलीलिटरला २०० पेक्षा जास्त प्रती आणि २८व्या दिवसापर्यंत त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक नाहीशा, अशा रुग्णांत आजार चांगला आटोक्यात राहिला. २०२०मध्ये उपचारानंतर ११५ रुग्णांवर पाळत ठेवली. लागोपाठ दोन चाचण्या पॉझिटिव्ह आलेल्या १६ जणांपैकी १५ जणांत आजार उलटला. सतत निगेटिव्ह राहिलेल्या ८७ जणांत कुणाचाच उलटला नाही. गट लहान होता, तरी एकाच पॉझिटिव्ह निकालावर घाबरू नये, चाचणी पुन्हा करावी, एवढं यातून घेता येतं. आणि उपचाराआधी चाचणी केलेलीच नसेल तर नंतरच्या 'निगेटिव्ह'ला फारसा अर्थ नाही. त्या गाठीतून डीएनए रक्तात येत होता की नाही हेच माहीत नसतं.

चुका नळीपासूनच सुरू होतात. साध्या ईडीटीए नळीत रक्त घेतलं तर चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा वाटा विरळ होतो. वाहतूक लांबची असेल तर पेशी स्थिर ठेवणारी खास नळीच वापरावी आणि ती गोठवू नये. सेंट्रिफ्यूज दोनदा: आधी १६०० जी वर १० मिनिटं, मग वरचा प्लाझ्मा काढून १६००० जी वर १० मिनिटं. पहिल्या फेरीनंतर पांढऱ्या थराला पिपेट लागला की सगळं वाया.

एचपीव्ही-निगेटिव्ह रुग्णांच्या रक्तात टीपी५३चा बिघाड सापडला तर लगेच गाठीच्या नावावर टाकू नका. वयानुसार रक्तपेशींमध्येही डीएनएमटी३ए, टीपी५३ असे बिघाड साठतात. त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तुलना केलेली असेल तरच भरवसा धरावा.

वाचक_७

मग पीडी-एल१ प्रथिनाचा सीपीएस गुणांक आणि एचआरएएस जनुकाचा बिघाड हे आयुर्मानाच्या रकान्यात का छापतात?

किरणवेध

छापू नयेत. आजार आपल्या वाटेने कसा जाईल हे सांगणारी खूण वेगळी आणि अमुक औषधाने फायदा होईल का हे सांगणारी वेगळी.

सीपीएस दुसऱ्या प्रकारातली, आणि ती जनुकीय नव्हे, प्रथिनाची. रंगलेल्या गाठपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज, भागिले जिवंत गाठपेशी, गुणिले शंभर. स्लाइडवर किमान १०० जिवंत गाठपेशी हव्यात. कीनोट-०४८ या उपचार-चाचणीत, उलटलेल्या किंवा पसरलेल्या आजारात, सीपीएस २० किंवा जास्त असलेल्यांत पेम्ब्रोलिझुमॅबने मध्यक हयात १४.९ महिने, सेटुक्सिमॅब-किमोने १०.७. हा आकडा त्या औषधाबद्दल आहे, शस्त्रक्रियेने बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाच्या आयुष्याबद्दल नाही. एचआरएएसचंही तसंच. तो बिघाड थोड्याच रुग्णांत असतो आणि टिपिफार्निब या औषधाचा गुण व्हीएएफ २० टक्के किंवा जास्त असलेल्यांत दिसला.

उलट बाजूची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्याजोगी. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात रेडिएशननंतर रक्तात ईबीव्ही (एप्स्टाइन-बार विषाणू) डीएनए उरला तर अंदाज वाईट, हे पक्कं. म्हणून हाँगकाँगमध्ये नेमक्या अशाच रुग्णांना जास्तीची किमो देऊन पाहिली. आजार उलटण्यात फरक पडला नाही. आणि एचपीव्ही-पॉझिटिव्ह रुग्णांचा अंदाज चांगला, म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं. आरटीओजी १०१६ मध्ये पाच वर्षांची हयात ८४.६ वरून ७७.९ टक्क्यांवर आली. एनआरजी-एचएन००५ मध्ये ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) दिलेले दोन्ही गट ७० ग्रे अधिक सिस्प्लॅटिनच्या बरोबरीला आले नाहीत. अंदाज चांगला दिसतो म्हणून उपचार कमी करा, असा आग्रह नातेवाईक धरतात. उपचार-चाचणीबाहेर तो धरू नये.

ऊतिवेध

पुढे कुठलीही चाचणी करायची असो, आधी ऊती नीट राहिली पाहिजे. तुकडा काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. जास्त काळ राहिला की डीएनए तुटतो आणि सी-च्या जागी टी असे खोटे बदल दिसू लागतात. कमी व्हीएएफचे, एकगठ्ठा सी-ते-टी बदल अहवालात दिसले तर ब्लॉकबद्दल विचारावं. यूडीजी या विकराची प्रक्रिया केली की त्यातले बरेच गळतात.

जबड्याचं हाड काढलं असेल तर ते तीव्र आम्लात मऊ करतात आणि त्यात डीएनए-आरएनए जवळपास संपतो. अशा शस्त्रक्रियेत हाड नसलेला गाठीचा तुकडा वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायला आधीच सांगावं. ते जमलं नाही तर ईडीटीएने हाड मऊ करून घ्यावं, वेळ लागतो पण ऊती टिकते.

मानेच्या गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्यावर पी१६ केलं असेल तर ७० टक्क्यांचा नियम तसाच लावू नये, तो ऊतीच्या तुकड्यावर ठरलेला आहे. पाणी भरलेल्या गाठीत गाठपेशीच थोड्या येतात. तिथे थेट एचपीव्हीची चाचणी करावी किंवा सुई पुन्हा, गाठीच्या भिंतीतून घ्यावी.

पॅनेलसाठी साधारण ५ मायक्रॉनचे दहा न रंगवलेले काप लागतात आणि गाठपेशी किमान २० टक्के. बायोप्सी चिमूटभर असेल तर क्रम आधी ठरवा: निदान, मग ऑरोफॅरिंक्स असेल तर पी१६ आणि एचपीव्ही, आजार उलटलेला असेल तर सीपीएस, आणि उरलेल्यातून पॅनेल. हा क्रम नमुना पाठवतानाच अर्जावर लिहून द्यावा, कारण प्रत्येक नव्या मागणीला ब्लॉक पुन्हा यंत्रावर चढवून तासावा लागतो आणि त्यात थोडी ऊती वाया जातेच.